ज्योतीपुढे बसण्यापूर्वी



त्राटकावरच्या, म्हणजे एका लक्ष्यावर नजर स्थिर ठेवून पाहण्याच्या क्रियेवरच्या, आजच्या व्याख्यानाची पत्रिका वाटली गेल्यापासून मला दोन तऱ्हेचे फोन येत आहेत. काही जण विचारतात, "सर, त्राटकानं चष्मा जातो ना?" काही जण काळजीने विचारतात, "सर, त्राटकानं डोळे जातात म्हणे, खरं का?" दोघांनाही माझे उत्तर 'नाही' असेच आहे. पण ते पटवून द्यायला हा तास लागेल.

मी योगशिक्षक आहे, डॉक्टर नाही. डोळ्यांच्या रचनेबद्दल जे सांगेन ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आणि त्यांच्या पुस्तकांतून शिकलेले आहे. बाकीचे माझ्या वर्गांतून, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांना शिकवताना कळलेले.

सगळ्यात आधी मला काय म्हणायचे आहे ते सांगून टाकतो, म्हणजे कोणाला शेवटच्या एसटीसाठी मधेच उठावे लागले तरी मुद्दा सोबत नेता येईल. त्राटक ही पूर्वी राखणीत शिकवली जाणारी क्रिया होती. शिकवणारा समोर असे. शिष्याचा डोळा लाल झाला, चेहरा ताठरला, तर त्याला दिसत असे आणि तो थांबवत असे. आज ती राखण गेली आणि गूढ तेवढे मागे उरले. मोबाईलवर 'त्राटक' एवढा शब्द टाका आणि काय काय निघते ते पाहा. तिसरा डोळा, सिद्धी, वशीकरण, अमुक दिवसांत चष्म्यापासून मुक्ती! मला याच्या नेमके उलट हवे आहे. गूढ टाकून द्या आणि राखण परत आणा.

आता मूळ ग्रंथ काय म्हणतो ते पाहू. साधारण पंधराव्या शतकात स्वात्मारामांनी हठप्रदीपिका लिहिली. तिच्या दुसऱ्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, सहा शुद्धिक्रिया आहेत: धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती. त्राटकाला तिथे जागा किती? जेमतेम दोन श्लोक. मन एकवटून, नजर न हलवता, एखाद्या बारीक लक्ष्याकडे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत पाहावे. त्याने डोळ्यांचे रोग आणि सुस्ती जाते. आणि ही क्रिया सोन्याच्या पेटीसारखी जपून, लपवून ठेवावी. संपले. मेणबत्तीचे नाव नाही, आरशाचे नाव नाही, सूर्याचेही नाही. दिव्यदृष्टीची जोड पुढे घेरंडसंहितेत मिळते.

पण हठप्रदीपिकेतल्याच दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. पहिली अशी, की या सहा क्रिया ज्याच्या शरीरात मेद आणि कफ वाढलेला आहे त्याने आधी कराव्यात; ज्याचे दोष समतोल आहेत त्याला त्यांची गरज नाही. हे स्वात्मारामांचे स्वतःचे म्हणणे आहे. म्हणजे सरसकट सगळ्यांनी करा असे हठयोगाचा मूळ ग्रंथच म्हणत नाही. दुसरी गोष्ट, हा शिष्य राहतो कुठे तेही पहिल्या उपदेशात लिहिले आहे. शांत मुलूख, शेणाने सारवलेली लहानशी मठी, जवळ विहीर, बेताचे जेवण, बाकी कसलीही चिंता नाही आणि गुरूने सांगितल्याप्रमाणे अभ्यास. पाणी येईपर्यंत पाहा, हे या माणसाला सांगितलेले आहे.

आणि आपला माणूस कसा आहे? दिवसभर कपाशीवर फवारणी करून आलेला. किंवा वेल्डिंगच्या दुकानात काम करणारा. किंवा अभ्यासिकेत पोलीस भरतीचे नाहीतर एमपीएससीचे पुस्तक आणि मोबाईल आलटून-पालटून पाहणारा पोरगा. त्याचा डोळा संध्याकाळपर्यंत आधीच थकलेला असतो. त्याच डोळ्याला रात्री ज्योतीसमोर बसवून 'पापणी हलवू नकोस' म्हणायचे? नव्या गोऱ्ह्याला कोणी पहिल्याच दिवशी पूर्ण वावर वखरायला लावतो का?

लपवून ठेवा, या आज्ञेचेही थोडे बोलू. तिच्यामागे एक शहाणपण होते. अपुरी माहिती असलेल्या माणसाच्या हाती क्रिया पडू नये, एवढाच तिचा अर्थ. आज क्रिया सगळ्यांच्या हाती पडलेली आहे. लपवण्यासारखे काही राहिलेले नाही. आपल्याकडे मेहकरजवळ हिवरा आश्रमात शुकदास महाराजांनी विवेकानंदांच्या नावाने केवढे काम उभे केले, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. त्या विवेकानंदांनी न्यूयॉर्कमध्ये दिलेल्या व्याख्यानांतून १८९६ साली 'राजयोग' हे पुस्तक झाले. त्यात सुरुवातीलाच त्यांनी बजावले आहे की योगात जे काही गुप्त आणि गूढ म्हणून सांगितले जाईल ते तत्काळ टाकून द्यावे, त्याने माणूस दुबळा होतो. विवेकानंद जयंतीला आपण हिवऱ्याला हजारोंच्या पंगतीत प्रसादाला बसतो. त्यांचा हा इशाराही तितक्याच श्रद्धेने घ्यायला हवा.

योगातले गूढ टाकून देण्याचे हे काम महाराष्ट्रात दोघांनी फार नेटाने केले. अंमळनेरला शिक्षणाच्या कामात असलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि उड्डियान, नौली यांसारख्या क्रिया चक्क क्ष-किरण यंत्रापुढे नेल्या. शरीरात काय होते ते मोजा, मग बोला, असा त्यांचा आग्रह. इकडे नागपूरला जनार्दनस्वामींनी १९५१ साली योगाभ्यासी मंडळ उभे केले आणि विनामूल्य वर्गांतून योग विदर्भाच्या गल्लीबोळांत नेला. एकाने मोजमाप आणले, दुसऱ्याने समोर बसून शिकवणारा माणूस घराजवळ आणला. राखण म्हणतो ती हीच.

आता डोळ्याकडे वळू. आपली पापणी मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा लवते. का लवते? बुबुळावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर असतो. त्यात सर्वांत खाली चिकट, मधे पाण्याचा आणि वरून तेलाचा पापुद्रा. तेल असते म्हणून पाणी उडून जात नाही. पापणी दर वेळी हा थर नव्याने पसरवते. आपण काही निरखून पाहू लागलो की लवणे निम्म्याहून कमी होते. पुस्तक वाचतानाही होते, मोबाईलवर तर होतेच. निरोगी डोळ्यात हा थर दहा सेकंदांहून थोडा अधिक काळ एकसंध राहतो, मग तो जागोजागी फाटायला लागतो. कोरडा डोळा असेल तर त्याच्याही आधी. थर फाटला की बुबुळाच्या पृष्ठभागाशी आलेल्या नसा मेंदूला कळवतात आणि ग्रंथीतून भराभर पाणी सुटते.

म्हणजे त्राटकात जे पाणी येते ते काय आहे? ती डोळ्याची हाक आहे. त्याला त्रास होतो आहे, एवढेच तो सांगतो आहे. अनुभवी साधकाने ती हाक ऐकून तिथे थांबणे वेगळे. नवख्याने ती हाक म्हणजेच यश मानून रोज रात्री तिची वाट पाहत बसणे वेगळे. माझ्या वर्गात मी नवख्यांना पाणी येऊच देत नाही. त्याच्या आधी डोळे मिटायचे. परंपरेशी हा द्रोह आहे असे मला कोणी कोणी म्हटलेही आहे. मला तसे वाटत नाही. क्रिया तीच आहे, मात्रा नवख्याची आहे.

दुसरी गोष्ट, नजर खिळली की आसपासचे पुसट होते. दिव्यामागची भिंत नाहीशी होते, खोलीचा कोपरा विरघळतो. पुष्कळांना वाटते, समाधी लागू लागली. १८०४ साली ट्रॉक्सलर नावाच्या स्विस वैद्याने हे नोंदवून ठेवले आहे. एका जागी नजर स्थिर ठेवली की कडेच्या न बदलणाऱ्या दृश्याची दखल घेणे डोळा आणि मेंदू सोडून देतात. डोळे मिटल्यावर दिसते ती निळसर-जांभळी ज्योतही अशीच. पिवळ्या उजेडाने डोळ्यातल्या पेशी त्या जागेपुरत्या थकतात आणि विरुद्ध रंगाची छाया उरते. वर्गात एखादा विद्यार्थी भारावून सांगतो, "सर, आज्ञाचक्रात निळी ज्योत दिसली." त्याचा आनंद मी हिरावून घेत नाही. पण हे सगळ्यांना दिसते, दिसणारच, हे त्याला सांगतो. आणि हेही सांगतो की ती छाया फार उपयोगाची आहे. ती सरकते, विरते, परत येते. तिच्यामागे न धावता तिला पाहत राहणे, मनाची बैठक तिथे तयार होते. खरा अभ्यास उघड्या डोळ्यांपेक्षा मिटलेल्या डोळ्यांत जास्त आहे.

मग बसायचे कसे? इथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण अपघात इथेच होतात.

दिवाळीनंतरची एक गोष्ट सांगतो. मोताळ्याकडच्या एका गावात वर्ग घेत होतो. एक बाई म्हणाल्या, "सर, मी कशी बसतो ते पाहून जा." घरी गेलो. समोरच्या खोलीत कापूस, आढ्यापर्यंत. भाव येईपर्यंत आपण कापूस घरातच भरून ठेवतो, हे तुम्हाला माहीत आहे. दारापासून आत जायला हातभर वाट आणि तिच्या शेवटी एक पोते अंथरलेले. समोर स्टीलचा डबा पालथा घालून त्यावर मेणबत्ती. मागे, डावीकडे, वर, सगळीकडे पांढरा ढीग आणि हवेत तरंगणारे बारीक तंतू. घरातली तीच एक निवांत जागा होती, म्हणून त्या बिचाऱ्या तिथे बसत. त्यांनी मला विचारले, "सर, डोयातून पानी येईलोक बसा लागते का?" मी आधी ती मेणबत्ती विझवली. मग त्यांना बाहेर तुळशीजवळ नेले, निरांजन लावले आणि तिथे बसवले. वर्षभराची कमाई आणि घरातली माणसे एका ठिणगीच्या अंतरावर होती. म्हणून पहिला नियम लिहून घ्या. ज्या घरात कापूस, कडबा, सोयाबीनचे कुटार किंवा डिझेलची कॅन आहे, त्या खोलीत ज्योत लावायची नाही. ओट्यावर बसा, अंगणात बसा. वारा असेल तर त्या दिवशी ज्योतीचा नाद सोडा आणि भिंतीवर ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका काढून त्याकडे पाहा. मूळ ग्रंथाला बारीक लक्ष्यच हवे आहे. ठिपक्याने त्राटक कमी प्रतीचे होत नाही.

ज्योत लावायचीच तर घरातली समई किंवा तुपाचे निरांजन चांगले. मेणबत्तीच घेतली तर ती जाड बुडाची असावी, पाणी घातलेल्या ताटलीत उभी करावी आणि वात बोटाच्या पेराच्या निम्म्याहून लांब नसावी. लांब वात काजळी सोडते आणि ज्योत नाचवते. पंखा बंद. कूलर तर बंदच. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे एप्रिल-मे महिन्यांत कूलरशिवाय बसणे अवघड, हे मला कळते. पण कूलरचा झोत ज्योतीलाही हलवतो आणि डोळाही सुकवतो. उन्हाळ्यात पहाटे बसा, नाहीतर ते दोन महिने क्रिया बंद ठेवा. काही बिघडत नाही. पदर, ओढणी खोचून घ्या. लहान मूल जागे असताना बसू नका. खोलीचे दार आतून लावून घेऊ नका.

अंतर दोन हात, म्हणजे सुमारे तीन फूट. ज्योतीचे टोक डोळ्यांच्या रेषेत किंवा चार बोटे खाली. खाली का? नजर किंचित खाली असली की वरची पापणी डोळा थोडा झाकते, उघडा भाग कमी होतो आणि तो सावकाश सुकतो. वर टांगलेल्या दिव्याकडे पाहणारा माणूस लवकर थकतो. चष्मा असेल तर ठेवा. ज्योत स्पष्ट दिसली पाहिजे, ताणून पाहायची नाही. कॉन्टॅक्ट लेन्स मात्र काढून ठेवा.

आता पाहायचे. सुरुवातीचे काही आठवडे वीस-तीस सेकंद, जास्त नाही. घड्याळ लावू नका. सहा-सात सावकाश श्वास मोजले तरी तेवढा वेळ होतो. पापणी लवली तर लवू द्या. पुन्हा सांगतो, लवू द्या! मला पापणीशी कुस्ती नको आहे, नजर पळू नये एवढेच हवे आहे. मग डोळे मिटा, छाया पाहा, ती विरेपर्यंत थांबा. असे तीन वेळा. मग दोन्ही तळवे एकमेकांवर घासून डोळ्यांवर अलगद झाका, डोळा दाबू नका. दोन मिनिटे बसून राहा. सगळे मिळून दहा मिनिटांच्या आत उठा. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे. पुढे वेळ वाढवायचा असेल तर महिन्याने थोडा वाढवा, आणि तोही कोणाला तरी समोर बसवून, जो तुमच्या डोळ्यांकडे पाहील.

उठल्यावर लगेच मोबाईल हातात घेऊ नका आणि गाडीला किक मारू नका. नजरेच्या अगदी मधोमध काही काळ तो डाग राहतो. रात्री राजूर घाटाच्या वळणावर समोरून ट्रकचा उजेड येताना तो डाग तिथे असणे परवडणारे नाही.

हे झाले कसे करायचे ते. आता कशासाठी करायचे? इथे मी थोडा कडक बोलणार आहे.

चष्म्याचे आधी घेऊ. दूरचे न दिसणाऱ्या माणसाचा डोळा बहुधा मागून किंचित लांब झालेला असतो. साधारण चोवीस मिलिमीटरचा डोळा. तो एक मिलिमीटर लांबला तर नंबर सुमारे अडीच ते तीनने वाढतो. ज्योतीकडे पाहून डोळा आखूड होत नाही. अमेरिकेत बेट्स नावाच्या डॉक्टरने १९२० साली चष्म्याशिवाय दृष्टीचे पुस्तक काढले, ऑल्डस हक्सलेसारखा मोठा लेखक त्याच्या प्रेमात पडला, तरी चष्म्याची दुकाने बंद पडली नाहीत. जामनगरच्या आयुर्वेद विद्यापीठात त्राटक आणि डोळ्यांचे व्यायाम तपासणारा एक अभ्यास झाला, २०१२ मध्ये तो छापून आला. लोकांच्या तक्रारी कमी झाल्या, त्यांना बरे वाटले. पण मोजमापात फारसा फरक पडला नाही. मग भरतीची तयारी करणाऱ्या पोराने काय करायचे? चष्मा काढून टाकून रोज तासभर भिंतीकडे पाहणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. डोळे गुंजेसारखे लाल. त्याला मी योग शिकवला नाही, आधी डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवले.

मग उपयोग काहीच नाही का? आहे. लक्ष टिकवण्याचा सराव म्हणून आहे. बंगळूरच्या स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थेत वयस्क मंडळींकडून महिनाभर त्राटक करून घेतले, तेव्हा लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी सुधारली. अभ्यास लहान आहेत, त्यांच्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण दिवसभर दहा दिशांना ओढले जाणारे मन अर्धे मिनिट एका जागी थांबते, हा अनुभव ज्याने घेतला त्याला त्याची किंमत सांगावी लागत नाही. माझ्या मते तेवढा लाभ पुरेसा आहे. त्यापुढचे जे कोणी देऊ करतो, त्याच्याकडून जरा दूर बसा.

कारण त्यापुढे देऊ केले जाते ते काय? सूर्यत्राटक. सूर्यबिंब मेणबत्तीच्या ज्योतीहून लाखपटीपेक्षा अधिक प्रखर असते. ज्योतीकडे पाहून डोळ्याचा पडदा भाजत नाही, सूर्याकडे पाहून भाजतो, आणि भाजताना दुखत नाही म्हणून कळतही नाही. न्यूटनने तरुणपणी आरशातल्या सूर्याच्या प्रतिबिंबाकडे पाहण्याचा प्रयोग केला आणि नजर ताळ्यावर यावी म्हणून त्याला काही दिवस अंधाऱ्या खोलीत कोंडून घ्यावे लागले. सूर्याला अर्घ्य द्या, नमस्कार घाला, पण नजर रोखू नका. उगवतीला चालते असे कोणी म्हणेल. मी तेही शिकवत नाही.

दुसरे, आरसा. मंद उजेडात आरशात स्वतःच्या डोळ्यांकडे पाहत बसायला सांगतात. इटलीतल्या कापुतो नावाच्या संशोधकाने २०१० मध्ये माणसांना असे दहा मिनिटे बसवले. अनेकांना स्वतःचा चेहरा वेडावाकडा झालेला दिसला, काहींना अनोळखी माणसे दिसली, कोणाला प्राणी. धडधाकट माणसे होती ती. आपल्याकडे हेच कोणाला रात्री एकट्याने दिसले तर तो सकाळी कोणाकडे जाईल? भूत उतरवणाऱ्याकडे.

आणि तिसरे, नजरेने दुसऱ्याला वश करणे. १८४० च्या दशकात मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यवैद्याने चकाकत्या वस्तूकडे टक लावायला सांगून लोकांना संमोहित केले आणि हे काम वस्तूचेही नाही, नजरेतल्या कुठल्या शक्तीचेही नाही, पाहणाऱ्याच्याच मनाचे आहे असे दाखवले. तरी नजरेच्या शक्तीचा धंदा चालतो. त्यात पैसा जातो, कधी बायकामुलींची अब्रू जाते. २०१३ साली, नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. अंगात दैवी शक्ती आहे असे भासवून फसवणारा, भीती घालणारा माणूस त्या कायद्याने गुन्हेगार आहे. तुमच्या गावात असे कोणी असेल तर पोलीस ठाण्यात जा. देवाधर्माच्या विरोधात गेलो असे तुम्हाला वाटायचे कारण नाही.

शेवटचा मुद्दा. तो माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून मुद्दाम मागे ठेवला. ज्योतीपुढे कोणी बसू नये?

काचबिंदू असलेल्याने, नुकतेच मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्याने, मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडलेल्याने डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. सतत अर्धशिशी उठणाऱ्याने बसू नये. मिरगी, म्हणजे फेफरे येणाऱ्याने हलत्या ज्योतीकडे मुळीच पाहू नये. लुकलुकत्या उजेडाने काहींना झटका येतो. लहान मुलांना ज्योत नकोच, त्यांना प्राजक्ताचे फूल समोर ठेवून खेळाखेळाने पाहायला लावा.

आणि ज्यांना आवाज ऐकू येतात, भास होतात, कोणीतरी आपल्या मागावर आहे असे वाटते, ज्यांची झोप कित्येक रात्री उडालेली आहे, जे अतिशय उदास आहेत, त्यांनी बसू नये. एकाग्रतेने सगळ्यांचे मन शांत होतेच असे नाही. आधीच डळमळलेल्या मनाला अंधारात, एका बिंदूवर, छायांच्या संगतीत बसवले तर भास वाढू शकतात. आपल्या जिल्ह्याला हे जास्त जपायला हवे. का ते तुम्हाला माहीत आहे. पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या दर्ग्यावर दुरून-दुरून माणसे आपला आजारी माणूस घेऊन येतात, हिंदू येतात, मुसलमान येतात, होळीच्या यात्रेत तर रीघ लागते. त्या श्रद्धेला मी हात जोडतो. तिथे आलेल्या आईच्या डोळ्यांतले पाणी मी पाहिले आहे. पण २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला काय झाले ते विसरू नका. दर्ग्याजवळच्या आश्रमाला आग लागली आणि साखळीने बांधलेली अठ्ठावीस मनोरुग्ण माणसे पळूच शकली नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी घातली. नवस बोला, चादर चढवा, गजानन महाराजांच्या पारायणाला बसवा, पण त्याबरोबर गोळी चालू ठेवा. आणि अशा माणसाला कोणीही, अगदी योगशिक्षकानेही, ज्योतीपुढे बसवू नये. मी बसवत नाही.

शेतकऱ्याच्या घरातल्या काळजीला तर त्राटक हे उत्तरच नाही. कर्जाचा ताण, पिकाचा ताण घेऊन कोणी रात्र-रात्र जागत असेल आणि 'आता काही उरलं नाही' असे बोलू लागला असेल, तर त्याला ध्यान शिकवू नका, त्याला एकटे सोडू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस सेवा आहे. तिचा नंबर १४४१६. दिवसा, रात्री, केव्हाही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

माझी विनंती एवढीच, की सभागृहातून बाहेर पडण्याआधी हा नंबर मोबाईलमध्ये साठवून घ्या. एक, चार, चार, एक, सहा.